वाचायचं होतं तर घरी बसायचं म्हणे!

आज सकाळी महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या काठावर एका गृहस्थांनी मला हे ऐकवलं. "वाचायचं होतं तर घरी बसायचं ना मॅडम, इथे कशाला आलात?" मी फक्त त्यांच्या ब्लूटूथ स्पीकरचा आवाज थोडा कमी करायला सांगितलं होतं. भांडले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. गर्दीच्या आधी तासभर वाचायला मिळावं म्हणून मुद्दाम लवकर उठून दिवाळी अंक घेऊन गेले होते. पाण्यावरचं धुकंही पुरतं उठलं नव्हतं. आणि पाठीमागून ढणढण ढणढण.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

का बसायचं आम्ही घरी? हा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतला तो गावाला पाणी मिळावं म्हणून. आता दुपारनंतर तिथे जाऊन बघा. बोटींची रांग, घोडे, फुगे फोडायच्या बंदुका, कणसांचा धूर, रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न. मान्य, घोडेवाले आणि स्टॉलवाले यांचं वर्षाचं गणित या सुट्ट्यांवरच चालतं, त्यांना कोण नावं ठेवणार! उलट मला त्या काठावरून उठलेली बघून एक घोडेवाले दादाच म्हणाले, "ताई, पल्याड झाडीच्या अंगाला जावा, तिकडं सकाळचं कोण नसतंय." खरंच कोणी नव्हतं. जांभळाखाली बसून एक अख्खी कथा वाचून झाली. म्हणजे त्या माणसाला कळलं, माझ्यासारखाच सुट्टीला आलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला नाही कळलं.

आणि हो, "मग भिलारला जा ना" असं कोणी सांगू नका. गेलेय मी भिलारला, आणि जीव आहे माझा त्या गावावर. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय' नावाच्या पुस्तकांच्या गावावरून कल्पना घेतली, पण स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या अनोळखी वाचकांना उघडून दिल्या, हे मोठेपण भिलारचंच. कुणाच्याही ओसरीवर बसा, पुस्तक काढा, कोणी उठवत नाही. पण वाचणाऱ्यांना एक गाव दिलं म्हणजे उरलेला महाराष्ट्र स्पीकरवाल्यांना आंदण दिला असं होत नाही ना!

त्या गृहस्थांची मुलगी होती सोबत. आठ-नऊ वर्षांची असेल. आमची बोलाचाली चालू असताना ती माझ्या मांडीवरच्या अंकातली चित्रं बघत होती. हळूच विचारलं तिने, "यात गोष्टी असतात?" मी म्हटलं, "असतात की, बस." बसलीही असती. तेवढ्यात फोटोसाठी हाक आली आणि ती गेली. हे लिहिताना माझा राग थोडा निवळलाय, पण वाईट जास्त वाटतंय. कारण "घरी बसा" हे माझ्या एकटीच्या कानावर पडलं नाही, तिनेही ऐकलं. वाचणारं माणूस चारचौघांत दिसू नये, ते घरी कोपऱ्यात बरं, असंच शिकली ना ती आज? सुट्टीत पुस्तक दिसलं की "परीक्षा आहे का?" विचारणारे आपल्याकडे काय कमी आहेत!

शाळा, इस्पितळं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र ठरवता येतं. मग तलावाचा एक तुकडा, फक्त झाडीकडचा, का नाही ठेवता येत? चार बाकडी आणि स्पीकर लावू नये अशी एक पाटी. बोटी चालू राहू देत, कणसं भाजू देत, पोरं ओरडू देत. पोरांच्या ओरडण्याचा त्रास कधीच होत नाही मला.

सध्या तरी झाडीच्या बाजूला सकाळी नऊच्या आत जागा मिळते. खाली अंथरायला काहीतरी न्या, दवाने जमीन ओली असते. याहून चांगली जागा कोणाला माहीत असेल तर सांगा, मी परवापर्यंत इथेच आहे.