चित्र हललं म्हणजे मन बिघडलं नाही

काल रात्री साडेअकराला आत्याचा फोन आला. आवाज रडवेला. तिला कुणीतरी एक रंगीत चित्र पाठवलं होतं. खाली मजकूर असा, की हे यामामोतो नावाच्या जपानी मानसोपचारतज्ज्ञाचं चित्र. स्थिर दिसलं तर मन शांत, हळू हललं तर ताण, गरगर फिरलं तर मानसिक आजार. वर हेही, की हा मोबाईलच्या किरणांचा परिणाम आहे, आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून स्क्रीनवर काळे पट्टे दिसतात तो त्याचा पुरावा.

आत्याला ते गरगर फिरताना दिसलं. आधीच तिला झोप लागत नाही. "मला वेड लागतंय का रे?" असं तिने विचारलं, तेव्हा संताप आला.

असा कोणी यामामोतो नाहीच. हे चित्र युक्रेनच्या युरी पेरेपाद्या यांनी २०१६ साली संगणकावर काढलं. अफवा पसरल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, की त्या यामामोतोचा याच्याशी काही संबंध नाही आणि असा माणूसही नाही. युक्ती जपानचे मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका यांची, ज्यांचं २००३ मधलं 'फिरते साप' हे भासचित्र प्रसिद्ध आहे. रंगीत पार्श्वभूमीवर आकारांना एका बाजूने पांढरी कड, दुसऱ्या बाजूने काळी. आपण टक लावली तरी डोळे बारीक हलत असतात, पापण्या लवतात. तेवढ्यानेही अशा कडा सरकल्याचा भास होतो. धडधाकट माणसालाही होतो. आत्याला म्हटलं, एकाच ठिपक्यावर नजर रोखून धर, पापणी लववू नकोस. दोन-तीन सेकंदांनी म्हणाली, "अगंबाई, थांबलं की!" आजार असा थांबतो का?

किरणांचं म्हणाल तर तेच चित्र कागदावर छापून बघा. तिथेही हलतं.

काळे पट्टे? स्क्रीन सेकंदाला ६० किंवा अधिक वेळा नव्याने रंगते, कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो. दोघांचा मेळ बसत नाही, एवढंच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काही स्क्रीन, विशेषतः ओलेड (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), उजेड कमी करताना भराभर चालू-बंद होतात. ते डोळ्यांना कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. त्यांनी ब्राइटनेस थोडा वाढवून बघावा. त्याचा या चित्राशी संबंध नाही.

आत्याची झोप डॉक्टरांनी तपासायची, चित्राने नाही. तिने तो मजकूर तीन मैत्रिणींना पाठवला होता. सकाळी उठून तिघींनाही फोन केले.