नुकसान झाले, पंचनामा नाही

मराठवाड्यात माणसाने कशाकशाने निराश व्हावे याची एक जुनी आणि सर्वमान्य यादी आहे. मृगाने दगा दिला, परतीच्या पावसाने झोडपले, सोयाबीनचा भाव पडला, ठरत आलेले लग्न मोडले, यांपैकी काहीही घडले तरी चार माणसे दारात येतात, ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि "चालायचंच" म्हणून उठतात. या यादीत व्हिडिओ गेम नाही. परभणीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला, चष्म्याचा नंबर वाढत चाललेला गृहस्थ, ज्या गेमची वर्षानुवर्षे वाट पाहिली तो टाकाऊ निघाला म्हणून तोंड पाडून बसला आहे, हे कळल्यावर आजवर एकही माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसलेला नाही.

स्टाफरूममध्ये मी हा विषय काढून पाहिला आहे. व्हिडिओ गेमचे नाव निघताच समोरच्याची नजर आपोआप माझ्या कमरेच्या उंचीवर उतरते, कारण तिथे कुठेतरी एखादे लहान मूल उभे असावे, अशी त्याची खात्री असते. "मुलाला फार नाद लागलाय वाटतं, सर," असे सहानुभूतीने विचारले जाते. माझा मुलगा गेम खेळत नाही. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि रात्री आवाज कमी करण्याची सूचना मला त्याच्याकडून येते.

आमच्या गावाच्या नावाने "बनी तो बनी, नहीं तो परभणी" अशी एक म्हण प्रसिद्ध आहे. 2024 साली जगातल्या नामांकित गेम कंपन्यांनी ती आपले ब्रीदवाक्य म्हणून स्वीकारली असावी, असे मला वाटत राहिले. गेम बाजारात आणायचा. चालला तर चालला, नाहीतर दुरुस्तीचे अपडेट सोडत बसायचे आणि तेही जमले नाही तर सर्व्हर बंद करून मोकळे व्हायचे.

सुरुवात फेब्रुवारीत 'स्कल अँड बोन्स' या चाच्यांच्या गेमने झाली. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो 2017 साली जाहीर केला होता आणि त्यानंतर तो इतक्या वेळा पुढे ढकलला गेला की, मी त्याची तारीख कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहू लागलो होतो. गेम हिंदी महासागरात घडतो. ज्याच्या जिल्ह्यात समुद्र नाही आणि ज्याने पाण्याचा मोठा साठा पाहायचा तर येलदरीचे धरण गाठावे, त्या माणसाला हिंदी महासागरात स्वतःचे जहाज मिळणार ही काय चीज आहे, हे कोकणातल्या वाचकाला कळायचे नाही. 16 फेब्रुवारीला अखेर तो आला आणि असे दिसले की, या गेममधला चाचा भर समुद्रात जहाजावरून खाली उतरतच नाही. शत्रूच्या गलबतावर उडी मारून तलवार चालवण्याची हौस असेल तर तेवढ्यापुरते एक छोटे चलच्चित्र दाखवले जाते आणि लूट परस्पर खात्यात जमा होते. किनाऱ्यावरची झाडे तोडायची असली तरी जहाजातूनच, समोरच्या पट्टीवर योग्य वेळी बटण दाबून तोडायची. तारुण्यात ज्याने दरोडेखोरीची स्वप्ने पाहिली, त्याला सरतेशेवटी वखारीचा हिशेबनीस करून टाकण्याचा हा प्रकार होता. गेम 70 डॉलरला का, असे विचारले गेले तेव्हा कंपनीचे प्रमुख ईव्ह गिलेमो यांनी हा "क्वाड्रुपल-ए" दर्जाचा गेम असल्याचे सांगितले. मोठ्या खर्चाच्या गेमला तोवर तीन 'ए' लावण्याची पद्धत होती. चौथा त्यांनी पदरचा घातला.

त्याच महिन्यात लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने, म्हणजे ज्यांनी बॅटमॅनचे उत्तमोत्तम गेम काढून नाव कमावले त्यांनीच, बॅटमॅनसकट सगळ्या महानायकांना ठार मारण्याचा गेम आणला, आणि त्यांच्या मालक कंपनीला, वॉर्नर ब्रदर्सला, 20 कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. मार्चमध्ये जपानच्या कॅपकॉमचा 'ड्रॅगन्स डॉग्मा 2' आला. तो मुळात चांगला गेम होता, पण आरंभी संगणकावर त्यात नवा डाव मांडण्याची सोयच ठेवलेली नव्हती. एकदा डाव सुरू केला की तोच पुढे रेटायचा. पुढे अपडेट आले तेव्हा लोकांना पहिल्यापासून सुरुवात करता आली. युबिसॉफ्ट आणि कॅपकॉम या दोघांचेही आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. हा योगायोग असेलही. परंतु मार्चअखेर म्हणजे काय हे परभणीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

यांपैकी कोणत्याही गेमवर मी पैसे घातले नव्हते. माझे पैसे ज्यात गेले त्याचे आणि त्याच्या कंपनीचे नाव मी इथे घेणार नाही, कारण त्या घराण्यातला पुढचा भाग मला पुन्हा घ्यायचा आहे. तो मी आगाऊ नोंदवला होता, आणि आगाऊ नोंदवणाऱ्याला नायकासाठी एक सोनेरी टोपी फुकट मिळणार होती. शंभर जीबीहून मोठी फाइल उतरवून घ्यायची म्हणून रात्री संगणक चालू ठेवला, तर वीज गेली. वीज आली तर राउटर रुसला. राउटर उठला तर पहिल्याच दिवसाचे दुरुस्तीचे अपडेट येऊन बसले होते, म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच दुरुस्तीला निघाला होता. ते सगळे पार पडल्यावर पडद्यावर "शेडर कंपाइल होत आहेत, कृपया थांबा" अशा अर्थाची, म्हणजे गेम अजून चित्रांची जुळवाजुळव करतो आहे असे सांगणारी, पाटी आली, आणि संगणकाचा पंखा असा काही फिरू लागला की, बायको स्वयंपाकघरातून मिक्सर कोणी लावला ते पाहायला आली.

"अहो, मागचा तरी संपला का?" तिने विचारले. हा प्रश्न ती प्रत्येक नव्या गेमच्या वेळी विचारते आणि त्याचे उत्तर कधीच ऐकून घेत नाही.

मी ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतो, तिथे दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. नियम उदार आहे, पण शेडर कंपाइल होत असताना चाललेले घड्याळही खेळातच मोजले जाते. पाटी गेली, कंपनीची बोधचिन्हे गेली, वगळता न येणारी प्रस्तावना गेली, आणि माझा नायक एकदाचा उभा राहिला तेव्हा तो कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला होता. त्याची दाढी चेहऱ्याच्या दोन बोटे पुढे हवेत तरंगत होती. सोनेरी टोपी मात्र डोक्यावर नीट बसली होती. गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलावे तर प्रत्येक जण "वादळ येणार आहे" एवढेच सांगत होता. वादळ काही आले नाही. ते पुढच्या अपडेटमध्ये येणार असल्याचे कंपनीने नंतर कळवले. तोवर माझे दोन तास उलटून गेले होते.

मानवतकडे शेती पाहणारे माझे थोरले बंधू, आण्णा, यांना मी हे फोनवर सांगितले, कारण कोणाला तरी सांगणे भाग होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि स्वतःच्या भाषेत त्याचा उलगडा केला. "म्हंजे बियाणं बोगस निघालं म्हण की. पिशवीवर चित्र झकास, अन् पेरलं तर उगवनच नाही. तक्रार केलास का कुठं?" माझ्या दुःखाला एका जबाबदार माणसाने प्रथमच नुकसानीचा दर्जा दिला होता. परंतु लगेच त्यांनी किंमत विचारली. मी पाच हजार म्हणालो, आणि पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि तोही कागदावर. बाजारात त्याहून कमीच मिळत होते. एका क्विंटलहून अधिक सोयाबीन देऊन मी तरंगती दाढी आणली होती.

पुढे सप्टेंबर उजाडला. 2 तारखेला पोळा होता, आणि नेमक्या त्या एक-दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांवर पाऊस तुटून पडला. आण्णांचे सोयाबीन पाण्यात उभे होते. विमा एक रुपयात काढलेला होता खरा, पण नुकसानीची खबर 72 तासांच्या आत द्यायची होती, ॲप उघडत नव्हते, आणि तलाठ्याच्या मागे सबंध गाव होते. मी धीर द्यायला फोन केला. धीर देण्याचे शब्द संपल्यावर विषय बदलावा म्हणून, त्याच दिवशी वाचलेली बातमी मी त्यांना सांगितली.

बातमी 'कॉनकॉर्ड' या गेमची होती. सोनीने तो 23 ऑगस्टला प्लेस्टेशनवर आणि संगणकावर आणला होता. पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा खेळ, 16 नवी पात्रे, किंमत 40 डॉलर. अडचण एवढीच होती की, याच जातीचे चांगले खेळ बाजारात फुकट मिळत होते. 'स्टीम' या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात एका वेळी जास्तीत जास्त 697 माणसे तो खेळताना दिसली. त्याच आठवड्यात चिनी पुराणातल्या वानरराजावरचा 'ब्लॅक मिथ: वुकाँग' आला होता; त्याच स्टीमवर तो एका वेळी 24 लाखांहून अधिक माणसे खेळत होती, आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. ("वानर हाय म्हणल्यावर चालनारच की," आण्णा मध्येच म्हणाले. "शनवारी जास्त खपला आसंल.") अखेर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सोनीने जाहीर केले की, 6 सप्टेंबरला कॉनकॉर्ड बंद होणार आणि घेणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण पैसे परत मिळणार. 7 तारखेला गणपती बसायचे होते. इकडे आगमनाची तयारी चालू असताना तिकडे विसर्जन उरकले गेले. गेमला अवघे दोन आठवड्यांचे आयुष्य लाभले.

"पैसे परत? समद्यांला?" आण्णांचा आवाज एकदम बदलला.

"सगळ्यांना. पूर्ण."

"पंचनामा कोन केलं?"

"पंचनामा नाही झाला, आण्णा."

"सातबारा?"

"नाही लागला."

"आधार? केवायसी? अंगठा उठंना म्हनून वापस नाही लावले कुनाला?"

मी तसे काही वाचनात आले नसल्याचे सांगितले. आण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "कोन्या गावचं सरकार हाय बापू हे?"

तेव्हापासून कॉनकॉर्डच्या कुशलाची चौकशी ते नियमित करू लागले. दिवाळीला घरी आले तेव्हा फराळाच्या ताटावरच त्यांनी विषय काढला आणि मला सांगावे लागले की, ज्या स्टुडिओने तो गेम बनवला होता, तो फायरवॉक स्टुडिओ सोनीने 29 ऑक्टोबरला, म्हणजे नेमक्या धनत्रयोदशीला, बंद करून टाकला. आण्णांनी हातातली चकली ताटात ठेवली. "अन् ती कामावरची पोरं?" त्यांनी विचारले. वर्षभर या गेमची टवाळी करणारा इतका मजकूर मी वाचला होता, पण हा प्रश्न इतक्या लवकर विचारणारा माणूस मला त्यात भेटला नव्हता. मी त्यांना 'लाइव्ह सर्व्हिस' नावाचा प्रकार समजावून सांगितला: गेम एकदा विकून कंपनीचे भागत नाही, गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे रोज येत राहावे आणि टोप्या, अंगरखे, बंदुकीचे रंग विकत घेत राहावे, अशा बेताने तो बांधलेला असतो, त्यामुळे त्याला शेवट नसतो, आणि गिऱ्हाईक आले नाही तर मात्र एकदम शेवटच असतो. खेळायला माणसाला दिवसाचे तास दोनच मिळतात, आणि ते आधीच्या अशाच एखाद्या गेमने बळकावलेले असतात. आण्णांना हे लगेच पटले. फुकट टोपीचा मुद्दा तेवढा त्यांनी माझ्याकडे बघत बघत दोनदा विचारून घेतला.

नोव्हेंबरात वर्षाची शेवटची मोठी पंचाईत झाली, पण ती माझ्या वाट्याला आली नाही. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024' हा विमान उडवण्याचा गेम 19 तारखेला आला. सबंध पृथ्वी त्यात आहे, पण ती संगणकात साठवलेली नसते. विमान जिकडे जाईल तिकडची जमीन इंटरनेटवरून येत राहते. पहिल्याच दिवशी जगभरच्या वैमानिकांनी एकदम धाव घेतली, सर्व्हर बसले, आणि असंख्य लोकांच्या पडद्यावरची पट्टी 97 टक्क्यांवर येऊन थांबली ती थांबलीच. आमच्याकडे 20 तारखेला विधानसभेचे मतदान होते आणि मी निवडणुकीच्या कामावर होतो. मतदान संपल्यावर यंत्रे, शिक्के, शाई आणि लिफाफे परत जमा करण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी रांगेत उभा असताना मोबाइलवर मी ही हकिकत वाचत होतो. कंपनीने क्षमा मागितली, चाचणीत दोन लाख बनावट खेळाडू सोडून पाहिले होते, असेही सांगितले. खऱ्या माणसांची गर्दी कशी असते हे पाहायला त्यांनी त्या दिवशी आमच्या रांगेत यायला हवे होते. माझ्या पुढचे मतदान अधिकारी मागे वळून, "काय बघायलाव सर, एक्झिट पोल का?" असे विचारत होते. मी हो म्हणालो. 97 टक्क्यांवर अडकलेल्या विमानाचे दुःख त्या रांगेत मांडण्याची सोय नव्हती.

मतदानाची दगदग उतरल्यावर आण्णांचा फोन आला. अनुदानाच्या यादीत त्यांचे नाव होते, पण केवायसी राहिली होती. केंद्रावर सर्व्हर डाउन असल्याने त्यांना दोनदा माघारी यावे लागले होते. मी गेमचा विषय काढणार नव्हतो, त्यांनीच काढला.

"बापू, ती कंपनी तर मेली," ते म्हणाले. "पन तसला येखादा पडनारा गेम परत कुनी काढायलंय का, ध्यान ठेव. निघाला की माझ्या नावानं दोन घे. लागलाच तर सातबारा व्हॉट्सॲपवर धाडतो."