‘लोकांच्या मताची गरज नसते’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. अब्रू आणि लाज यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली कमेंट काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली आणि ठरवलं की उत्तर द्यायचंच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लेखात माझं म्हणणं होतं की कमावलेलं नाव लोकांत गेलं की माणसाचं खरंच काहीतरी जातं. तुमच्या मते लेख ‘भाबडा’ आहे, ‘लोक काय म्हणतील’ या आजाराला मी तत्त्वज्ञानाचा मुलामा दिलाय, इज्जतीच्या नावाखाली बायकांचे जीव घेतले गेले, द्वंद्वयुद्धांत तरुण मेले, हे मला दिसत नाही. आणि मग ते वाक्य, ‘ज्याला स्वतःची किंमत ठाऊक असते त्याला लोकांच्या मताची गरज नसते, डायोजिनीस बघा’ (म्हणजे लोकलाज मुद्दाम धुडकावणारा तो प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ). वर शेवटी सल्ला, ‘लिहिण्याआधी थोडं वाचत जा’.

आधी या सल्ल्याचंच बोलतो, कारण खरं सांगायचं तर लागलं ते तेच. ‘भाबडा’ हा मुद्दा नाही हो, तो शेरा आहे, मास्तर वहीवर लाल पेनाने मारतात तसा. मुद्दा खोडा, चालेल, मी कधीच कोणाची कमेंट उडवलेली नाही. पण मी काय वाचतो काय नाही हे तुम्हाला कुठून कळलं? आणि एवढंच वाटत होतं तर मेल करता आला असता, पत्ता ब्लॉगवर वरच दिलाय. तुम्ही ते सगळ्यांसमोर लिहिलंत, कारण सगळ्यांसमोर लिहिलं की जास्त लागतं हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे माणसाला चारचौघांत कमी दाखवलं की त्याचं काहीतरी जातं हे तुम्हालाही पटलेलंच आहे, आणि त्याच कमेंटमध्ये तुम्ही म्हणता की शहाण्या माणसाचं यात काहीच जात नाही. दोन्ही एकदम कसं खरं असेल? आणि लोकांच्या मताची गरजच नाही तर नाव लपवून का लिहिलंत, हेही विचारतो. राग मानू नका, पण विचारतो.

एक मान्य. लेखात परिच्छेद फार लांब होते, मोबाईलवर वाचताना त्रास झाला असेल, ती तुमची तक्रार रास्त आहे आणि मी ते नीट करून घेईन.

आता तुमचं ते वाक्य. ऐकायला फार छान आहे, पण ते ज्याचं नाव कधी गेलं नाही त्यालाच सुचतं. आल्फ्रेड ड्रेफस घ्या. फ्रेंच सैन्यातला कॅप्टन, ज्यू, १८९४ मध्ये जर्मनीला गुपितं दिल्याच्या खोट्या आरोपावरून दोषी ठरवला. ५ जानेवारी १८९५ ला पॅरिसमध्ये सैनिकांच्या रांगांसमोर त्याच्या गणवेशावरची चिन्हं फाडून काढली, तलवार मोडली, बाहेर गर्दी ओरडत होती आणि हा एकटा मी निर्दोष आहे म्हणून ओरडत होता. मग डेव्हिल्स आयलंड या दूरच्या बेटावर कैद. आता बघा, आपण गुन्हा केलेला नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या भाषेत स्वतःची किंमत त्याला ठाऊक होती, आणि त्याच्याइतकी पक्की कोणालाच नव्हती. १८९९ मध्ये पुन्हा खटला चालला, पुन्हा दोषी ठरला, पण काही दिवसांतच राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. सुटला, बायकामुलांकडे आला. तुमच्या वाक्याप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी. नाही संपली. माफी घेतानाच त्याने जाहीर केलं की सन्मानाशिवाय हे स्वातंत्र्य माझ्या लेखी काही नाही, आणि १९०६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून त्याला निर्दोष ठरवेपर्यंत तो थांबला नाही. तुरुंगाबाहेर असलेला माणूस इतकी वर्षं कशासाठी भांडत होता? मनाची लाज त्याला नव्हतीच, तसं काही केलंच नव्हतं. जनात नाव परत हवं होतं. हा माणूस भाबडा का?

आणि वाचण्याचंच म्हणाल तर डार्विन. भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर त्याने १८७२ मध्ये लिहिलं त्यात लाजेने लाल होण्यावर अख्खं प्रकरण आहे. त्याचं म्हणणं, चेहरा लाल होतो तो आपण दोषी आहोत म्हणून नाही, दुसरे आपल्याला दोषी समजतात या विचाराने. आंधळी माणसंसुद्धा लाल होतात हेही त्याने नोंदवलंय. समोरच्याची नजर दिसत नाही, तरी ती आत पोचते. ही काय कोणी शिकवलेली गुलामी आहे?

पुस्तकातलं राहू द्या, घरातलं सांगतो. माझे वडील एका संस्थेचे हिशेब बघायचे. रक्कम जुळेना, आणि भर सभेत त्यांचं नाव घेतलं गेलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. पुढे चौकशीत निघालं की नोंदच दुसऱ्या खात्यात पडलेली, पैसा एकही गेलेला नव्हता. ते कळवलं कसं, तर पाकिटातून आलेल्या एका पत्राने. आरोप सभेत, निर्दोषत्व पोस्टाने! परत सभा घेऊन कोणी सांगितलं नाही. वडिलांना स्वतःबद्दल कणभर शंका नव्हती, पण त्यानंतर कोणाचे सुट्टे परत करायचे असले तरी ते मोठ्याने मोजून हातावर ठेवायचे, आणि कोणी वर्गणी गोळा करायला सांगितली की काहीतरी कारण काढून टाळायचे. त्यांचं जे गेलं ते त्यांना एकट्याला बसून परत आणता येणारं नव्हतं कारण ते त्यांच्याकडे नव्हतंच कधी, ते लोकांकडे होतं, लोकांनी ठेवलेला विश्वास होता तो. प्रतिष्ठा म्हणजे मी हे म्हणतो, मिरवणं नाही. हे बघत मी वाढलोय, त्यामुळे ‘गरज नसते’ असं कोणी दोन ओळींत लिहिलं की मला सहन होत नाही, नाही होत.

डायोजिनीसचं म्हणाल तर तो रांजणात राहिला हे खरं, पण रांजण अथेन्समध्ये होता, अरण्यात नव्हता. लाज सोडायची तीही लोकांदेखत, भर बाजारात. बघायला कोणी नसतं तर त्याच्या वागण्याला अर्थच उरला नसता.

राहिला इज्जतीच्या नावावर होणाऱ्या खुनांचा मुद्दा. ते भयंकर आहे, यात वाद नाही, पण तो वेगळा आणि मोठा विषय आहे, दुसऱ्याच्या आयुष्यावर आपली इज्जत टांगणाऱ्यांचा, आणि मी लिहीत होतो ज्याचं त्याने कमावलेल्या नावाबद्दल. द्वंद्वयुद्धांचंही तेच. सगळं एकाच लेखात आलं पाहिजे हा हट्ट बरोबर नाही.

तुमची कमेंट काढा असं काही जणांनी कळवलंय. काढणार नाही, आहे तशी राहील. परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण मला काय वाचायचं ते सांगू नका. ड्रेफस १८९९ मध्ये गप्प घरी का बसला नाही, एवढं सांगा.