फोटो कोलिसीचा, किट वेगळं

आज सकाळी बाणेर रस्त्याला सिग्नलवर अडकले होते. समोर भलामोठा फ्लेक्स. त्यावर दक्षिण आफ्रिकेचा रग्बी कॅप्टन सिया कोलिसी, दोन्ही हातांनी वर्ल्डकप उंच धरलेला. खाली 'मोठी स्वप्नं बघा'. त्याखाली उन्हाळी निवासी रग्बी शिबिर, वय दहा ते सोळा, फी ४५,००० रुपये. आणि एकदम तळाला, बारीक अक्षरांत, 'किट वेगळं'.

किट वेगळं! अहो, त्या माणसाने प्रांताची पहिली निवड चाचणी आतल्या चड्डीवर दिली होती. खेळायची पँट नव्हती म्हणून. फ्लेक्स बनवणाऱ्याला हे माहीत नसणार, पण फोटो निवडणाऱ्याने तरी दोन ओळी वाचायच्या की नाही?

ऑफिसात पोचले तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

माझा मुलगा शाळेत असताना पर्वतीच्या बाजूला एका मैदानावर रग्बीला जायचा. (रग्बीच का? कारण क्रिकेटच्या कोचिंगला वेटिंग होतं. पुण्यातल्या निम्म्या रग्बीवाल्यांची हीच गोष्ट असेल.) मैदानाच्या कठड्यावर जनता वसाहत या झोपडपट्टीतली पोरं बसलेली असायची, प्रॅक्टिस बघत. एकदा बॉल बाहेर गेला. त्यातल्या एका पोराने उचलला आणि परत टाकायचं सोडून तो घेऊनच सुटला. अनवाणी. आमची स्टडवाली, माउथगार्डवाली फौज मागे, आणि हा सगळं मैदान उभं कापून पलीकडच्या रेषेमागे बॉल टेकवून हसत उभा. ट्राय कसा करतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कठड्यावर बसून शिकला होता. सर म्हणाले, "उद्यापासून येत जा रे."

इथपर्यंत कशी छान गोष्ट आहे ना? अशाच गोष्टीचे फ्लेक्स लागतात.

आता कोलिसीचं सांगते. जन्म १६ जून १९९१. माणसाची वंशानुसार नोंद करणारा तिथला कायदा संसदेने रद्द केला तो दुसऱ्या दिवशी, १७ जूनला. झ्वीडे नावाच्या काळ्यांच्या वस्तीत आजीने वाढवला. कधी जेवण असायचं, कधी नसायचं. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत कुणाच्या तरी नजरेत भरला आणि पोर्ट एलिझाबेथच्या ग्रे या नामांकित, जुन्या शाळेत स्कॉलरशिपवर गेला. तिथून पुढे २०१९ आणि २०२३, लागोपाठ दोन वर्ल्डकप. तिथला पहिला काळा कसोटी कर्णधार.

हे सगळं ऐकून आपल्याकडचे लोक काय म्हणतात? "बघा, मेहनत केली की होतं!" आमच्या पालकांच्या ग्रुपवर तर २०२३ च्या फायनलनंतर दोन दिवस हेच चाललं होतं. मला विचारायचंय की त्या स्पर्धेत त्याच्याबरोबर खेळलेली बाकीची पोरं आळशी होती का? शाळेने एक उचलला. झ्वीडेचं मैदान होतं तिथेच राहिलं. दक्षिण आफ्रिकेत कायदा बदलला, पण चांगली मैदानं, जिम, हॉस्टेल, फिजिओ हे सगळं ज्या मूठभर शाळांकडे होतं त्यांच्याकडेच आहे. पार्लच्या दोन शाळा, ब्लूमफाँटेनचं ग्रे कॉलेज, अशी नावं तिकडे आपल्या स.प. आणि फर्ग्युसनसारखी घेतात. राष्ट्रीय संघात जायचं तर बहुतेकांना आधी अशाच एखाद्या फाटकातून आत जावं लागतं.

१९९५ च्या वर्ल्डकप फायनलला मंडेला सहा नंबरची जर्सी घालून मैदानावर आले, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. आणि काळ्यांना रग्बीत रसच नव्हता असं कुणी म्हणत असेल तर तिथल्या ईस्टर्न केप प्रांतात जाऊन सांगा. तिथली काळी माणसं शंभरहून अधिक वर्षं रग्बी खेळतायत, स्वतःचे क्लब, स्वतःच्या स्पर्धा. वर्णभेदाच्या काळात राष्ट्रीय संघ जवळजवळ सगळा गोऱ्यांचाच, म्हणून ती माणसं जगाला दिसली नाहीत, एवढंच.

बरं, संघात काळ्या खेळाडूंसाठी कोटा ठेवायच्या कोलिसी स्वतः फार बाजूने नाही. त्याने तसं उघड म्हटलंय. आरक्षणविरोधी मित्रांनी कमेंटमध्ये ते टाकायच्या आधी मीच टाकते. पण त्याच मुलाखतीत तो हेही म्हणाला की त्या शाळेत गेलो नसतो तर नीट खायला मिळालं नसतं, अंग भरलं नसतं, बाकीच्या मुलांसारखी तयारी झाली नसती. हे दुसरं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि रग्बीत अंग भरणं म्हणजे काय, हे मी पाहिलंय. हा किलोंचा खेळ आहे. टॅकलला तुमच्यापेक्षा दहा किलो जास्त असलेला मुलगा येतो तेव्हा जिद्द वगैरे ठीक आहे, हाडं कामाला येतात. आमची मुलं सकाळी दोन उकडलेली अंडी आणि प्रोटीन शेक घेऊन यायची. तो पोरगा चहा-खारी खाऊन यायचा, कधी तेही नाही. आई चार घरची धुणीभांडी करायला पहाटेच बाहेर पडलेली. म्हणून तो शक्यतो कुणाच्या हाताला लागायचा नाही. त्याला वाकडंतिकडं पळणं भागच होतं. सगळे म्हणायचे काय नैसर्गिक साइडस्टेप आहे! नैसर्गिक कसली, धरला गेला तर मोडेल हे त्याला ठाऊक होतं.

मग पालक बोलायला लागले. आधी कुजबुज, मग सरळ. "आम्ही फी भरतो, तो फुकट कसा?" हे म्हणणाऱ्या बाईंच्या गाडीची किंमत मी इथे लिहीत नाही. "आमच्या मुलाची जागा जाते" हेही आलं. म्हणजे तो आपल्या मुलापेक्षा चांगला आहे हे सगळ्यांना कळत होतं, अडचण तीच होती. मी बोलले. तर "ताई, हा विषय ग्रुपवर नको" असा मेसेज. सरांनी मग मधला मार्ग काढला. त्याला प्रॅक्टिसला येऊ दे, मॅचच्या यादीत नको.

समजलं का काय झालं ते? पळणाऱ्याला धरायचं कसं हे फी भरणारी मुलं त्याच्यावर शिकली. रोज त्याला पळवायचं, रोज त्याला पाडायचं, आणि रविवारी सामन्याला त्याने कठड्यावर बसायचं. कारण विचारलं तर सर म्हणाले, "मॅडम, त्याचा इन्शुरन्स नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची?" प्रॅक्टिसमध्ये पाडताना मात्र इन्शुरन्स कुणाला आठवला नाही.

हे लिहिताना हात थरथरतोय, खरंच.

आपल्या गावाला ही रीत नवीन नाही. क्रिकेटवाले पळवणकर बाळू आठवतात? चांभार समाजातला मुलगा, पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर कामाला. इंग्रज साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायची, हातात बॅट येणं दुर्मीळ. मग हिंदूंच्या क्लबला साहेबांना हरवायचं होतं म्हणून त्याला संघात घेतला. मैदानावर सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावायचा, आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर या माणसाने शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाचा कर्णधार काही केला नाही. धाकटा भाऊ विठ्ठल झाला, तो १९२३ मध्ये. दक्षिण आफ्रिकेला नावं ठेवताना आपण कुठल्या गावात बसून ठेवतोय याची आठवण असावी.

"आता जात वगैरे कोण बघतं?" हे येणारच. कुणी बघत नाही हो. फक्त फी बघतात, इंग्रजी बघतात, गाडीने सोडायला कोण येतं ते बघतात, आणि गंमत म्हणजे यादी जुनीच तयार होते.

इंग्लंडमध्येही हेच, फक्त जरा गोड बोलून. मारो इटोजे, नायजेरियन आईबापांचा मुलगा, २०२५ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचा, पहिला काळा कर्णधार झाला. मला मनापासून आनंद झाला. पण तोही स्कॉलरशिपवर हॅरोत होता. म्हणजे नेहरूंची शाळा! वर यायचं तर बहुतेकदा रस्ता अशा शाळेवरून. फुटबॉलवाल्यांना असं काही लागत नाही, तिथे क्लबच लहान पोरं उचलतात.

या सगळ्यात मला माकाझोले मापिम्पी सगळ्यात जवळचा वाटतो. २०१९ च्या फायनलमध्ये इंग्लंडविरुद्ध ट्राय केला तो. वर्ल्डकप फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेचा तो पहिलाच ट्राय, त्याआधी दोन फायनल जिंकल्या त्या नुसत्या किकच्या गुणांवर. हा मोठ्या शाळेतला नव्हे. खेड्यातला, साध्या शाळेतला, उशिरा वर आलेला. त्या स्पर्धेत प्रत्येकाच्या जर्सीच्या आकड्यात त्याच्या घरच्या माणसांचे छोटे छोटे फोटो छापले होते. मापिम्पीने स्वतःचेच फोटो दिले. आई, बहीण, भाऊ, सगळे गेलेले. घरचं म्हणून दाखवायला कुणी नव्हतंच. मी ही गोष्ट मुलाला सांगायला गेले आणि मलाच पुढचं बोलता येईना. मुलगा म्हणाला, "आई, पाणी पी."

असो.

आपल्या देशात करून दाखवलंय लोकांनी, म्हणून जास्त चीड येते. भुवनेश्वरच्या निवासी शाळेतल्या आदिवासी मुलांचा संघ २००७ मध्ये लंडनला चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आला. फायनलला समोर कोण होतं माहितेय? दक्षिण आफ्रिकेचा संघ! त्या पोरांना फुकट शाळा, फुकट हॉस्टेल आणि पोटभर जेवण होतं. त्या संस्थेवर टीकाही होते, आदिवासी मुलांना घरापासून तोडतात म्हणून, आणि ती अगदीच चुकीची नाही. पण जेवलेली मुलं कशी खेळतात ते तरी दिसलं. आणि पुणं काही रग्बीला परकं नाही. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली वाहबिज भरुचा आपल्या पुण्याची. २०२५ मध्ये मुंबईत रग्बीची व्यावसायिक लीगही झाली. पैसा येतोय. तो वरून येतोय आणि वरच थांबतोय.

सरांची बाजू? आहे. मैदानाचं भाडं, बॉल, पंच, स्पर्धांची एंट्री, सगळं त्या फीमधून निघतं. सगळ्यांना फुकट म्हटलं तर क्लब महिनाभरात बंद. कबूल. मला सरांचा राग नाही. (थोडा आहे.)

तो पोरगा नंतर यायचा बंद झाला. जिल्ह्याच्या ट्रायलच्या वेळी जन्माचा दाखला मागितला, तो गावाकडे. आणायला आईचे दोन खाडे, एसटीचं भाडं. ट्रायल होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन पीएमपी बदलून, सकाळी सातला. फीबद्दल तरी निदान वाद झाला. दाखला आणि बस याबद्दल वादही झाला नाही, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. स्कॉलरशिप देणारे बूट देतात, जर्सी देतात, फोटो काढतात. बसचे पैसे कुणी देत नाही, त्याचा फोटो येत नाही.

आता तो कबड्डी खेळतो, त्यांच्या मंडळाकडून. चढाईला एक नंबर आहे म्हणे. मध्यंतरी दिसला तेव्हा "काकू!" म्हणून लांबून ओरडला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मग काय बिघडलं, पोरगं खेळतंय ना? खेळतंय. मंडळाने चड्डी-बनियन दिलं, दाखला मंडळातल्याच एका दादाने काढून आणला, सामन्याला सगळे एकाच टेम्पोतून जातात. म्हणजे जे आमच्या क्लबला, इंजिनिअर-डॉक्टर पालकांना जमलं नाही ते गल्लीतल्या मंडळाने वर्गणीतून केलं. मंडळाच्या डीजेला मी दर गणपतीत शिव्या घालते, घालतच राहणार, पण हे मान्य करायला हवं.

कबड्डी त्याने निवडली असती तर मी एक शब्द बोलले नसते. त्याला रग्बी आवडायची. रोज मार खाऊन, सामन्याला बाहेर बसूनही तो कितीतरी महिने येत राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत जुन्या ग्रुपवर टाकलं. (मुलगा कॉलेजात गेला तरी मला कुणी काढलेलं नाही, विसरले असतील.) लिहिलं की क्लबमध्ये दहा मुलांमागे एक बिनफीचं मूल घ्या. नुसतं प्रॅक्टिसला नव्हे, मॅचच्या यादीत. कागदपत्रं एका पालकाने बघायची, बसचा पास आणि सकाळचा नाश्ता सगळ्यांनी मिळून. माझे पैसे पहिले. आतापर्यंत सगळ्यांनी वाचलंय. एकाने नमस्काराचे हात टाकलेत. आणि त्याच बाईंनी विचारलंय, "बट ताई, इन्शुरन्सचं काय?"

ताई, मी गेली कित्येक वर्षं विम्याच्या ऑफिसात काढलीयेत. मुलांचा गट अपघात विमा माणशी कितीला पडतो याचं कोटेशन उद्या अकरा वाजेपर्यंत ग्रुपवर येईल.