पेनाने कोड, पट्टीने सॉफ्टवेअर

आयटीच्या लेखी परीक्षेत कोडमधला सेमिकोलन राहिला म्हणून मार्क कापला. कागदावर! अहो, ती चूक दाखवायलाच कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, असतो ना? कोड पेनाने लिहायचा, आउटपुट मनाने काढायचं, आणि याला म्हणे आयटीचं शिक्षण! वॉटरफॉलची, म्हणजे सॉफ्टवेअर एकामागून एक टप्प्यांत बनवायच्या रीतीची, आकृती मात्र पट्टीने आखलेलीच हवी. विन्स्टन रॉइस या संगणकतज्ज्ञाच्या ज्या १९७० च्या लेखातून ती उचलली, त्यातच त्याने ही साधी रीत धोक्याची असल्याचं लिहून ठेवलंय. पण मूळ लेख वाचतंय कोण! कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट २००५ पासून आहे, तरी ग्रुप प्रोजेक्ट अजून 'फायनल_खरंच_फायनल' नावाच्या झिपमधून फिरतोय. कोड एकट्याचा, बाकीचे मुखपृष्ठाचा फॉन्ट ठरवतायत. आणि व्हायवात प्रश्न काय? ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात थर क्रमाने सांगा. उलटे सांगितले तर नेटवर्क बंद पडणार आहे का?