चिरंजीव बल्ब

गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली की घरातली विजेची उपकरणं एकेक करून माना टाकतात. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं जमवायची की मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटरची फिरकी पात्यापर्यंत पोचवणारी चकती, शोधायचा, तेच कळत नाही. दुकानात गेलं तर गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकच आशीर्वाद: "हाचो पार्ट मेळना. नवोच घे."

मिक्सरवर मात्र माझा राग नाही. नारळाचं वाटण घातल्यावर मोटर बोंबलते, पातं ढिम्म आणि रबर जळल्याचा वास, म्हणजे कपलर गेला. प्लग काढा, मिक्सर आडवा घाला, बुडाच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून मोटरचा दांडा पक्का धरा आणि वरचा कपलर घड्याळाच्या दिशेने फिरवा. हो, घड्याळाच्याच. बहुतेक मिक्सरांत आटे उलटे असतात, म्हणजे चालताना तो सैल होत नाही. आपण सवयीने दुसरीकडे पिळतो, तो आणखी घट्ट बसतो, मग पक्कड येते, पक्कड घसरते आणि दुकानदार खरा ठरतो. कपलर रबराचा किंवा नायलॉनचा असतो तो मुद्दामच. पातं अडकलं तर त्याने झिजावं, मोटर वाचावी. थोडक्या पैशांत मरून मालकाला वाचवणारा असा सेवक मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

खरा लबाड एलईडी बल्ब. खोक्यावर 25,000 तास. रोज पाच तास लावला तर तेरा वर्षांहून जास्त. आज बालवाडीत घातलेलं पोर कॉलेजात जाईपर्यंत. वॉरंटी मात्र दोन वर्षांची! स्वतःच्याच मुलाबद्दल बापाला एवढाच विश्वास.

गेलेला बल्ब होल्डरमधून काढून वरचा पांढरा घुमट पिळून उचकटा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पिवळे चौकोन दिसतील, उजेड देणारे एलईडी ते हेच. एखाद्यावर मोहरीएवढा काळा ठिपका असेल, तोच मयत. हे चौकोन मखरावरच्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की अख्खी पंगत उठते. काही जण त्या ठिपक्यावर कथलाचा डाग देऊन बल्ब पुन्हा पेटवतात. पेटतो, पण गेलेल्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि थोड्याच दिवसांत दुसरा ठिपका उगवतो. शिवाय आतल्या सर्किटवर थेट घरची वीज खेळते, तेव्हा घुमट काढलेला बल्ब होल्डरला लावून हात घालायचं धाडस करू नये.

ठिपका नसेल तर पत्र्याखाली बघा. तिथे नळकांड्यासारखा एक छोटा कॅपॅसिटर असतो, म्हणजे वीज साठवून ती एकसारखी पुरवणारा भाग. त्याच्या पोटातलं द्रव उष्णतेने आटतं, डोकं फुगतं, बल्ब लुकलुकतो आणि शेवटी विझतो. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश गरमी वाढली की त्याचं आयुष्य निम्मं. त्याची जागा कुठे, तर तापलेल्या पत्र्याच्या बरोबर खाली, हवाबंद प्लास्टिकात. खोक्यावरचे 25,000 तास त्या पिवळ्या चौकोनांचे; कॅपॅसिटरचं आयुष्य कुणी छापत नाही. म्हणजे दाखवला थोरला आणि बोहल्यावर उभा केला धाकटा. बंद काचेच्या हंडीत हा बल्ब लावणं म्हणजे त्याला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत पाठवणं. उघड्या होल्डरला लावा, आणि एका मोठ्याऐवजी कमी वॅटचे दोन.

ही कला नवी नव्हे. 1924 साली बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाची टोळी जमवली आणि बल्बने हजार तासच जळायचं असं ठरवलं. ज्याचा बल्ब जास्त जगेल त्याला दंड! आता दंडाची गरज उरलेली नाही, घुमट चिकटवला की काम भागतं.

वॉरंटीत बल्ब बदलून घ्यायचा तर बिल लागतं. बिल असतं थर्मल कागदावर, म्हणजे शाई नाहीच, उष्णतेने काळवंडणारा लेप. जपून ठेवायला आपण ते प्लास्टिकच्या पाकिटात घालतो आणि प्लास्टिकच्या सहवासात अक्षरं आणखी लवकर पुसट होतात. बल्ब जायच्या आत बिल गेलेलं असतं. फोटो काढून ठेवावा, तर साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर फोनची बॅटरी दमायला लागते आणि पाठ डिंकाने चिकटवलेली. म्हणून बिलाची झेरॉक्स काढावी, आणली त्याच दिवशी, आणि बल्बच्या गळ्यावर मार्करने तारीख घालावी. अर्थात झेरॉक्सवाल्याच्या दारात 'मशीन बंद आहे' अशी पाटी नसली तर.