सावली की नजर?

एप्रिल लागला की धुळ्यात गाडी लावायच्या दोनच जागा उरतात. एक सावलीतली, दुसरी नजरेतली. सावली जिथे असते तिथून गाडी दिसत नाही, आणि गाडी जिथून दिसते तिथे सावली नसते. आग्रा रोडवर सकाळी अकराला उन्हात लावलेल्या गाडीवर दुपारी एकला बसायचं, तर आधी सीटवर बाटलीतलं पाणी ओतावं लागतं, मग रुमाल, मग एकविरा मातेचं नाव. सावलीत लावली तर सीट गार राहते, पण आपण दुकानात उभे राहून चादरीचा भाव विचारत असलो तरी डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड तरळत राहतं. चादर कॉटनची आहे की नाही हे घरी आल्यावर बायको सांगते.

माझी गाडी स्प्लेंडर. टाकीवर अजून हिरो आणि होंडा शेजारी शेजारी नांदतात. प्रत्यक्षात दोघं २०१० च्या डिसेंबरात वेगळे झाले. पंधरा वर्षं उलटल्यावर मी पर्यावरण कर भरून तिची नोंदणी वाढवून घेतली. एवढी जुनी गाडी कोण नेणार, असं मला सगळे विचारतात. आमचे मिस्तरी तेवढे विचारत नाहीत. ते म्हणतात, "भाऊ, चोरले बी अक्कल शे." चोर दिसायला देखणी गाडी बघत नाही, खपायला सोपी बघतो. स्प्लेंडरचा साखळीपासून कार्ब्युरेटरपर्यंत कुठलाही भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी हातोहात जातो, रस्त्यावर तशीच शंभर गाड्या असतात, आणि काळ्या स्प्लेंडरकडे वळून बघणारा माणूस खानदेशात अजून जन्माला यायचा आहे. त्यात धुळ्याला महामार्गांची चंगळ. एक रस्ता शिरपूर-पळासनेरवरून थेट मध्य प्रदेशात, एक नवापूरवरून गुजरातेत, एक सोलापूरकडे. आपण चहा पिऊन बाहेर येईपर्यंत गाडी कुठल्या भाषेत बोलायला लागली असेल, सांगता येत नाही.

किल्लीवर भिस्त ठेवावी, तर जुन्या स्प्लेंडरची किल्ली हा शोभेचा दागिना. वर्षानुवर्षं घासून तिचे दात गेलेले, कुलपाचेही गेलेले. चालू गाडीतून मी किल्ली काढून खिशात टाकतो आणि गाडी निवांत चालत राहते. पाचकंदीलला एकदा मी भाजी घेऊन परतलो तर माझ्या जागी माझीच गाडी उभी, पण हुकला मेथीच्या दोन जुड्या, आणि मी तर गवार घेतली होती. नंबर बघितला तर शेवटचे दोन आकडे वेगळे. थोड्या वेळानं एक गृहस्थ माझी गाडी घेऊन घामाघूम परत आले. त्यांच्या किल्लीनं ती पहिल्या फटक्यात सुरू झाली होती. माझ्या किल्लीनं ती तीन किका घेते. त्यांना संशय आला तो यावरून की गाडीचा हॉर्न वाजला. त्यांचा म्हणे दोन वर्षांपासून बंद होता.

त्यानंतर मी सुरक्षेचं मनावर घेतलं, आणि आमच्या नातेवाइकांनी माझं.

पुण्याच्या मेहुण्यांनी दिवाळीला डिस्क लॉक आणलं. पिवळंधमक, वजनदार, परदेशी. पुढच्या चाकाच्या डिस्कमध्ये अडकवायचं की चाक फिरतच नाही. माझ्या गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेक. डिस्क नाहीच. "मग डिस्कवाली गाडी घ्या की दाजी," असं ते म्हणाले, आणि मला वाटतं पुण्यात असंच चालत असावं. ते लॉक सध्या वीजबिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं आहे. बिलं शाबूत आहेत.

मग साखळी. चांगली जाडजूड, वर प्लॅस्टिकची नळी चढवलेली. मागच्या चाकातून काढून खांबाला बांधायची. उपाय खरा आहे, पोलिसही हाच सांगतात: हँडल लॉक कराच, पण त्यावर विसंबू नका, कारण एक जोरदार हिसका बसला की हँडलचं कुलूप तुटतं, गाडी जमिनीतल्या कशाला तरी बांधा. मात्र हा सल्ला देणाऱ्यानं मे महिन्यात धुळ्यात साखळीला हात लावलेला नसणार. कुलूप तर असं तापतं की त्यावर कळण्याची भाकरी भाजून निघावी. हात पोळू नये म्हणून मी बायकोचे स्वयंपाकाचे चिमटे डिकीत ठेवले. चिमट्यानं कुलूप धरून किल्ली फिरवणारा माणूस भर बाजारात कसा दिसतो? एका सज्जनानं माझी कॉलर धरली, तेव्हा समजलं. स्वतःची गाडी उघडताना आरसी बुक दाखवावं लागलेला मी शहरातला पहिलाच असेन.

त्यापेक्षा अलार्म बरा, म्हणून तो बसवला. तो जूनच्या सुरुवातीला. ज्यांच्या दारात कडुलिंब आहे त्यांना पुढचं सांगायला नको. निंबोळ्या पिकल्या होत्या. रात्री वारा सुटला की टप्, आणि पाठोपाठ पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन असे सगळे आवाज क्रमानं. पहिल्या रात्री अख्खी गल्ली काठ्या घेऊन बाहेर आली. दुसऱ्या रात्री काठ्या होत्या, पण रोख माझ्या दाराकडे होता. नंतर नंतर अलार्म वाजला तरी कुणी उठेना, म्हणजे चोराला हवी तशी परिस्थिती मी पदरच्या पैशानं तयार करून ठेवली.

शेवटी मिस्तरींनी चोरस्विच बसवला. सीटखाली, डाव्या अंगाला, बोटभर आत. तो बंद केला की प्लगला करंट जात नाही. किका मारून चोराच्या पोटऱ्या भरतात, गाडी काही सुरू होत नाही. "फक्त कोनले सांगू नका," अशी मिस्तरींची अट. मी कोणालाही सांगितलं नाही. घरातही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझा शालक आला आणि मी झोपेत असताना गाडी घेऊन आमरसाला आंबे आणायला निघाला. फाटकातच गाडी सुरू होईना. धक्का मारत मारत भर उन्हात त्यानं ती गॅरेजवर नेली. ते नेमकं दुसरं गॅरेज. तिथे प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ झाला, पेट्रोलचा कॉक उघडून बघितला, कॉइल बदलायचं ठरलं. मी उठून पोहोचलो तेव्हा माझी गाडी फरशीवर पसरलेली होती. मी सीट उचलली, बोट आत घातलं, आणि काहीच न बोलता पैसे दिले. शालक अजून मानतो की कॉइलच गेलं होतं. गुपित पाळायचं तर असं पाळावं.

दरम्यान सरकारनंही गाडी सुरक्षित करायचं मनावर घेतलं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवा, असा आदेश निघाला. दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी. पाटीवर होलोग्राम, लेझरनं कोरलेला क्रमांक, आणि असे रिव्हेट की एकदा बसले की पाटी मोडल्याशिवाय निघत नाही. मला ही कल्पना मनापासून पटली. आता माझी नंबरप्लेट कोणीही चोरू शकत नाही. न्यायचीच झाली तर गाडीसकट न्यावी लागेल.

या सगळ्यात माणसाचा स्वभाव बदलतो तो वेगळाच. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की माझं लक्ष मांडवाबाहेर. प्रत्येक 'सावधान'ला मी खरोखर सावध होतो आणि दारापर्यंत जाऊन येतो. शिरपूरच्या एका लग्नात मुलीकडचे लोक समजले की मी वाजंत्रीवाल्यांचा माणूस आहे. त्यांनी माझ्याकडे जेवणाची पानं किती लागतील ते विचारलं.

आणि इतकं करून गाडी गेली ती कोणाची? आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींची. तीही स्प्लेंडर, तीही काळी, फक्त नीट पुसलेली. बँकेच्या दारात लावली, पेन्शनचं पासबुक भरून आले, गाडी नाही. मी त्यांच्यासोबत ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी आधी विचारलं, "गुरुजी, दुसरीकडे लावली नाही ना? पुन्हा एकदा बघून या." आम्ही बघून आलो. मग "कोणी नातेवाईक घेऊन गेलं नाही ना?" माझ्या डोळ्यांसमोर शालक आला, मी गप्प राहिलो. अखेर गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहिता, कलम ३०३, पोटकलम दोन. १ जुलै २०२४ पासून चोरीला हे कलम आहे, पण लिहिणारे साहेब तोंडानं जुन्या दंड संहितेतलं '३७९' म्हणत होते आणि हातानं ३०३ लिहीत होते. गुरुजींनी दोनदा त्यांच्या शुद्धलेखनाकडे बघितलं, आणि मोठ्या कष्टानं काही बोलले नाहीत.

विम्याचं थोडक्यात संपलं. गुरुजींचा विमा थर्ड पार्टी. त्यात आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. आपली गाडीच गेली तर काही नाही. पूर्ण विमा असता तरी कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि गुरुजींची दुसरी किल्ली नातवानं कधीच हौदात टाकलेली.

काही महिन्यांनी ठाण्यातून फोन आला. टोळी सापडली होती. आवारात गाड्या ओळीनं उभ्या, मागे पोलीस, पुढे मालक. गुरुजी ओळीतून दोनदा फिरले आणि म्हणाले, "यात माझी नाही." चेसिस नंबर बघितला तर पाचवी गाडी त्यांचीच. ओळखणार कशी? गुळगुळीत टायरांच्या जागी नवीकोरी टायरं, सीटला बिबट्याचं कातडं शोभेल असं कव्हर, फटाके फोडणारा सायलेन्सर आणि मागे रेडियममध्ये, 'बघतोस काय रागानं'. चोरानं विकायच्या आधी हौस करून घेतली होती. गुरुजींनी हवालदारांना विचारलं, "टायरांचे पैसे मी कोणाला द्यायचे?"

गाडी लगेच मिळत नाही. ती मुद्देमाल असते. कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर सोडवावी लागते. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालाचा दाखला दिला, की जप्त गाड्या ठाण्यात सडत ठेवू नयेत, फोटो-पंचनामा करून मालकाला द्याव्यात. गाडी मिळाली. अटी मात्र होत्या: खटला संपेपर्यंत विकायची नाही, बोलावलं की हजर करायची, आणि मूळ स्थितीत, म्हणजे जप्त झाली त्या स्थितीत, काहीही बदल करायचा नाही.

तेव्हापासून छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलेले आमचे गुरुजी रोज सकाळी बिबट्यावर बसून, फटाके फोडत, पांझरेचा पूल ओलांडून एकविरेच्या दर्शनाला जातात. माजी विद्यार्थी रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात आणि मागचं वाचतात. गुरुजी प्रत्येकाला थांबवून कोर्टाचा आदेश समजावून सांगतात, म्हणून दर्शनाला आता दुपार होते.

मागच्या तारखेला जामिनावर सुटलेला आरोपी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. त्यानं गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, मांगला टायरमा हवा जास्त शे. ऊन बेक्कार शे, फुटी जाई."

गुरुजींनी बाहेर येऊन पंपावर हवा तपासली. खरंच जास्त होती.